जाळीच्या गाडीचा मामा

पोलिसांची गाडी तुम्ही कितीदा तरी पाहिली असेल, पण ती चालवणाऱ्या माणसाचं तोंड कधी पाहिलंय का? खरं सांगा. आत कुणाला कोंबलंय हे बघायला तुम्ही माना वळवता, दुकानाच्या पायरीवर चढता, फोन उंच धरता. जाळीतून बाहेर आलेली बोटं तुम्हाला दिसतात. पुढे चाकावर बसलेला माणूस दिसत नाही. तो तुमच्या लेखी गाडीचाच एक भाग, वायपरसारखा.

मला दिसला. माझी नजर तुमच्यापेक्षा तेज आहे म्हणून नाही. मला कोठडी मिळाली नाही म्हणून.

नीट सांगते. आम्ही म्हणजे बाईवर जीव लावणाऱ्या बाया, पुरुषाबरोबर संसार थाटलेले पुरुष, आणि माझ्यासारख्या, जन्मल्या जन्मल्या सुईणीनं "मुलगा झाला" म्हणून जाहीर करून टाकलं आणि ते निस्तरण्यात निम्मं आयुष्य गेलं, अशा. दर वर्षी आम्ही मोर्चाला परवानगी मागायचो. रस्ता ठरलेला: भाजीबाजारातून निघायचं, घड्याळाचा चौक, कोर्टाचा चढ, पूल, आणि पलीकडे मोठ्या सरकारी कचेरीच्या पायऱ्या. दर वर्षी नकार यायचा. कारण एकच, रहदारीला अडथळा. खेळाडू कप जिंकून आले की याच रस्त्यावर मिरवणूक. पुढाऱ्याचा वाढदिवस असला की याच रस्त्यावर फटाके. त्या दिवशी रहदारी कुठं माहेरी जाते कोण जाणे.

आम्ही तरी जमायचो. साहेब भोंग्यावरून पांगायला सांगायचे, आम्ही खाली बसायचो, शिपाई आम्हाला उचलायचे आणि निळ्या गाडीत भरायचे. तीन बाजूंनी लोखंडी जाळी, मागे दार, दाराला बाहेरून कडी. बाजारातून ठाण्याला जायला मागचा एक रस्ता होता, बर्फाच्या कारखान्याजवळून, अगदी जवळचा. साहेबांची जीप पुढे त्या रस्त्यानं जायची आणि आमची गाडी तिच्या मागून. निदान तसं ठरलेलं होतं.

पहिल्याच वर्षी काय झालं, जीप वळली आणि आमची गाडी वळलीच नाही. सरळ गेली. आत आम्ही एकमेकांच्या कोपरांत, कुणाचा ओठ फुटलेला, कुणाची चप्पल हरवलेली. तेवढ्यात कुणीतरी जाळीला नाक लावून म्हणालं, "अगं, हा तर आपलाच रस्ता."

घड्याळाचा चौक. कोर्ट. पूल. चालत जायला मिळालं नाही तो सगळा रस्ता आम्ही जाळीतून जात होतो. मग काय, आम्ही गाडीचा पत्रा असा बडवला की रस्त्यावरची कुत्री पळाली. "मामाचा विजय असो" म्हणून ओरडलो. पोलिसाला मामा सगळेच म्हणतात, पण तेव्हापासून हा एकटाच आमचा मामा. कचेरीच्या पायऱ्यांसमोर त्यानं गाडी हळू केली, आम्ही घोषणा दिल्या, आणि मग वळसा घालून त्यानं आम्हाला ठाण्यात नेऊन उतरवलं. साहेब दारात पाय आपटत उभे होते.

दुसऱ्या वर्षी तेच. "मागचा रस्ता खोदलाय, साहेब. जीप निघते, मोठी गाडी अडकते." तिसऱ्या वर्षी जीप गेल्या गेल्या पाण्याची लाइन फुटली होती. पुढच्या वर्षी बर्फाच्या कारखान्याचा ट्रक आडवा होता. त्या मागच्या रस्त्याचं नशीबच फुटकं, आमच्या मोर्चाच्या दिवशी तिथं काहीतरी व्हायचंच. आणि आमचा मोर्चा, ज्याला सरकार दर वर्षी नाही म्हणायचं, तो सरकारी डिझेलवर पुरा व्हायचा.

ठाण्यात बाकीच्यांना बायका आणि पुरुष असं वाटून कोठड्यांत टाकायचे. माझ्यापाशी आले की गाडी अडायची. एक शिपाई म्हणायचा इकडे, दुसरा म्हणायचा तिकडे, तिसरा फिदीफिदी हसायचा. शेवटी मला व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसवून ठेवायचे. समोर अंगणात ती निळी गाडी उभी असायची आणि मामा बादलीतून फडकं पिळून आतली बाकडी पुसत असायचा.

"तुला का नाही आत घेतलं गं?" त्यानं एकदा विचारलं.

"ठरत नाहीये त्यांचं. बायांत टाकायचं की बाप्यांत."

"मग?"

"मग काय. सरकारच्या लेखी मी बाकडं आहे."

त्यानं फडकं झटकलं. "बाकड्याला चहा चालतो का?"

असं आमचं सुरू झालं. मी शिपायांना उलटी उत्तरं द्यायची म्हणून तो मला मिरची म्हणायला लागला. मी त्याला दर वर्षी विचारायची की मामा, तुम्ही आम्हाला त्या रस्त्यानं का नेता, आणि तो दर वर्षी फडकं पिळायचा. मग एका वर्षी, चहा निम्मा झाल्यावर, बोलला.

"पहिल्या वर्षी मी चुकलो होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे वळण चुकलो. पाण्याच्या टँकरवरून नुकतीच बदली झालेली. मागचा रस्ता ठाऊकच नव्हता. जीप दिसेना, घड्याळाचा चौक आला, आणि म्हटलं मेलो आता. तेवढ्यात तुम्ही आत पत्रा बडवायला लागलात."

आमची अख्खी चळवळ ज्या माणसाच्या हिमतीच्या गोष्टी सांगत होती, तो रस्ता चुकला होता.

"माझ्या गाडीत माणसं रडलीत, ओकलीत, माझ्या सात पिढ्या उद्धारल्यात," तो म्हणाला. "चांगली चालवलीस म्हणून कुणी विजय म्हटलं नव्हतं."

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"दुसऱ्या वर्षी रस्ता ठाऊक होता."

हे मी चळवळीत कुणाला सांगितलं नाही. आज सांगतेय, त्याला विचारून. तो म्हणाला, "लिही, पण मला देवमाणूस करू नकोस. लोकांना गाडीत भरत होतो मी." म्हणून करत नाही.

आता मिस्त्री. पोलिसांच्या गाड्या जिथं उभ्या राहतात त्या डेपोच्या फाटकासमोर एक छोटं गॅरेज आहे. माझी स्कूटर जाग्यावर बसली म्हणून मी ती ढकलत तिथं नेली. मिस्त्री बुटका, कानावर पेन्सिल, तोंडानं अखंड बडबड, पण सगळी इंजिनाशी. माणसांशी कमी. मी स्टुलावर बसलेली असताना मामा आत आला. मला बघून थबकला. मिस्त्रीनं वर न बघताच त्याच्याकडे हात केला.

"गोळी घेतलीस?"

"घेतो."

"घेतो म्हणजे घेतली नाहीस. सकाळी डब्यावर ठेवलेली. डबा खाल्लास आणि गोळी तशीच? अरे, डोळे आहेत की हेडलाइट? आण तो डबा इकडे."

मामा शाळेतल्या पोरासारखा डबा घेऊन उभा. त्या रागावण्यातच मला कळलं. मी आयुष्यभर लोकांच्या आवाजावरून माणसं ओळखत आलेय, नाहीतर रस्त्यावर टिकले नसते. असं कुणी शेजाऱ्यावर रागावत नाही.

स्कूटर झाल्यावर मिस्त्रीच म्हणाला, "चहा घरी घेऊ."

घर म्हणजे डेपोमागची सरकारी वसाहत, तळमजला, एक खोली आणि स्वयंपाकाला कोपरा. दोन लोखंडी खाटा, दोन भिंतींना, एक चादर नीट घडी केलेली आणि एक तशीच. खिळ्यांना नटबोल्टचे पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत. खिडकीत मामाच्या वर्दीची टोपी आणि टोपीत चाव्या, कारण त्याला चाव्या कधीच सापडत नाहीत. खाटा वेगळ्या का, हे मी बोलले नाही, पण माझ्या डोळ्यांनी विचारलं असावं.

"तपासणी येते," मिस्त्री म्हणाला. "आली की लावतो वेगळ्या. परवाच आली होती, पुन्हा जोडायचा कंटाळा केलाय."

खोली मामाच्या नावावर. मिस्त्री तिथं राहायला आला तेव्हा वसाहतीच्या देखरेख्यानं विचारलं, हा कोण? मामाच्या तोंडून पटकन निघालं, चुलतभाऊ. बस. तेव्हापासून मिस्त्री चुलतभाऊ. पण चुलतभाऊ म्हटलं की चुलता आला. देखरेख्या भला माणूस, दर भेटीला चौकशी करायचा, चुलते कसे आहेत? त्यांची तब्येत बिघडवावी लागली. मग सुधारावी लागली. मग शेजारच्या वहिनी मागे लागल्या की चुलत्यांना एकदा इकडे आणा, हवापालट होईल.

"शेवटी मारला त्याला," मामा म्हणाला.

"मी मारला," मिस्त्री म्हणाला. "हा तयारच होत नव्हता. म्हणे इतकी वर्षं सांभाळला."

अख्खी वसाहत भेटायला आली. हे दोघं खाटेच्या कडेला तोंड पाडून बसले. वहिनी मिस्त्रीला म्हणाल्या, "आता तुमचं माणूस असं कुणी उरलं नाही हो." आणि मिस्त्री म्हणतो, तेव्हा त्याला खरंच रडू आलं, कारण त्याचं माणूस शेजारीच बसलं होतं आणि हात धरायची सोय नव्हती.

हसत हसत सांगत होते दोघं. मी पण हसले. मग घरी येऊन भांडी आपटली.

पुढे वारं फिरलं. कसं फिरलं ते तुम्हाला ठाऊक आहे: कोर्टाचे निकाल लागले, सरकार बदललं, बाहेरच्या देशांतले पाहुणे येऊ लागले आणि त्यांच्यासमोर आम्हाला लपवण्यापेक्षा दाखवणं जास्त फायद्याचं झालं. काल ज्या कचेरीच्या पायऱ्यांवर आम्हाला पाय ठेवू दिला नाही, तिच्या भिंतीला आमच्या झेंड्याच्या रंगांचा पट्टा लागला. मोर्चाला परवानगी मिळाली. साहेबांना बढती मिळाली होती, परवानगीवर सही त्यांचीच. वर एक फर्मान निघालं की दलातल्या कुणाला मोर्चात चालायचं असेल तर साध्या कपड्यांत चालावं, सुट्टी मिळेल, फक्त मोर्चा काढणाऱ्यांची हरकत नसावी.

म्हणजे सरकारनं चेंडू आमच्याकडे टोलवला. चलाख लोक.

आमच्या समितीची बैठक शिंपिणीच्या दुकानात भरायची. शिंपीण आमच्यात सगळ्यात जुनी. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत. त्या पहिल्याच वर्षी एका शिपायानं गाडीचं दार लोटलं तेव्हा तिचा हात चौकटीत होता. तिनं पुन्हा काज करायला शिकून घेतलं, उरलेल्या बोटांत कापड धरून. तिच्यापुढे मी आवाज चढवत नाही, आणि मी कुणापुढे आवाज चढवत नाही असं क्वचित होतं.

बैठकीत पाहुण्यांचं चाललं होतं. साहेबांना व्यासपीठावर बोलवायचं, कारण सही त्यांची. ते ठरलं. तेवढ्यात दारात मामा उभा राहिला. साधा शर्ट, केस पाण्यानं चपचपीत बसवलेले.

"मला पण चालायचंय," तो म्हणाला. "तुमची हरकत नसेल तर."

शिलाईचं मशीन थांबलं.

"का?" शिंपिणीनं विचारलं.

मला कारण ठाऊक होतं. पुढच्या महिन्यात तो नोकरीतून निवृत्त होणार होता. इतकी वर्षं तो रस्ता त्यानं काचेमागून बघितला होता. एकदा, नोकरीत असतानाच, चोरून नाही तर सुट्टी मागून, त्याला मिस्त्रीच्या बाजूनं त्या रस्त्यावर पायी चालायचं होतं. एवढंच. मी त्याच्याकडे बघितलं. सांग ना बाबा. तोंड उघड.

"असंच," मामा म्हणाला. "रस्ता ओळखीचा आहे."

"आम्हाला पण ओळखीचा आहे," शिंपीण म्हणाली. "तुझ्या गाडीतून बघितलाय."

"हो."

"तू वळसा घालून न्यायचास, मान्य. पण न्यायचास ठाण्यातच. ज्यांनी आमच्यावर कडी घातली त्यांच्या खांद्याला खांदा लावून मी चालणार नाही. तुझ्या मनात काय असेल ते असो."

चुकीचं काय बोलली? काही नाही. दुसऱ्याचं गुपित माझ्या जिभेवर होतं, ते मला गिळायचं होतं. मी एवढंच म्हणाले, "साहेब व्यासपीठावर चालतात आणि ड्रायव्हर रस्त्यावर चालत नाही, हा कुठला न्याय?" कुणीतरी म्हणालं, साहेबांशिवाय परवानगी नाही, मिरची, व्यवहार बघ. हात वर झाले. मामाच्या बाजूनं माझा आणि चहावाल्या बाईचा, आणि तिला तर मताचा अधिकार पण नव्हता.

मामा नमस्कार करून निघाला. मी त्याच्या मागे धावले.

"सांगायचं होतंत ना मिस्त्रीचं. एका वाक्यात दार उघडलं असतं."

"घर दाखवून आत यायचं होय?" तो म्हणाला. "देखरेख्याला दाखवलं नाही, ते तुमच्या लोकांना दाखवू? दार उघडण्यासाठी मिस्त्री म्हणजे काय किल्ली आहे माझी?"

"तुम्हाला किल्ल्या कुठं सापडतात," मी म्हणाले. तो हसला. पण गेला.

सुट्टी अर्थातच मिळाली नाही. उलट त्या दिवशी बंदोबस्तावर त्याचीच नेमणूक झाली. निळी गाडी मोर्चाच्या मागे, रिकामी, चालत्या माणसाच्या वेगानं, असा हुकूम.

मोर्चा सकाळी निघाला. केवढी गर्दी. तरुण पोरी झेंडे पाठीला बांधून, कुणाच्या आया, कुणाचे ऑफिसातले मित्र. पोलीस बाजूला उभे राहून आम्हाला पाणी देत होते. खोटं का सांगू, ज्या हातानं काठी बसते त्या हातानं पाण्याची बाटली आली की आधी झाकण बघावंसं वाटतं.

मी मागे वळून पाहिलं. अगदी शेपटाला निळी गाडी, आणि गाडीच्या पुढ्यात मिस्त्री. एका हातात पाण्याचा कॅन, दुसरा हात बॉनेटवर टेकलेला. तसाच चालत होता, तोंड पुढे, हात मागे, जसा कुणी गर्दीत आपल्या माणसाचा हात धरून चालावा.

मी मागे गेले. "हे काय, मिस्त्री?"

"पहिल्या गिअरमध्ये इतका वेळ चालवली की तापते," तो म्हणाला. "हात ठेवून अंदाज घ्यावा लागतो. रेडिएटरमध्ये पाणी घालायला कुणीतरी हवं ना."

काचेमागे मामा. दोन्ही हात चाकावर, नजर समोर. समोर म्हणजे मिस्त्रीच्या पाठीवर.

कोर्टाच्या चढावर शिंपीण थांबली. तिचे गुडघे कधीच गेलेत, पण बाई कबूल करेल तर शपथ. ती रस्त्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी, आणि तिच्या मागे गाडी थांबली. मामानं खिडकीतून डोकं काढलं.

"ताई, जरा बाजूला होता का?"

"का? अंगावर घालायचीय?"

"तापतेय गाडी."

शिंपिणीनं मिस्त्रीकडे बघितलं. बॉनेटवरच्या हाताकडे बघितलं. शिंपीण आहे ती, दोन कापडं एका ताग्यातली आहेत का हे तिला लांबून कळतं. मग ती गाडीच्या मागे गेली.

"ही कडी बाहेरूनच असते ना?"

"हो," मिस्त्री म्हणाला.

"काढ मग."

"ताई, परवानगी नाही," मामा पुढून म्हणाला.

"तुझ्या गाडीत मी परवानगीनं कधी चढले?"

मिस्त्रीनं कडी काढली. शिंपिणीनं दाराच्या चौकटीवर ती दोन वाकडी बोटं ठेवली. मग गळ्यातला रुमाल सोडला आणि दार बाहेरच्या जाळीला बांधून टाकलं, घट्ट, दुहेरी गाठ. "हे आता बंद होणार नाही." मग मला म्हणाली, "बघतेस काय, हात दे. पाय दुखतायत म्हणून चढतेय. उगाच काही समजू नकोस."

ती चढली आणि मागोमाग सगळ्या जुन्या. दम्याचा त्रास असलेला न्हावी. काठी टेकत चालणारी नर्स, आता निवृत्त. ज्यांनी ज्यांनी ती गाडी आतून पाहिली होती ते सगळे. मी पण. बाकडी तीच, फक्त आता कुणाच्या कोपरात कुणी नव्हतं. पुलावर आल्यावर न्हाव्यानं सवयीनं पत्र्यावर हात मारला. मग दुसऱ्यानं. मग अख्खी गाडी वाजायला लागली. तरुण पोरं मागे वळून बघायला लागली, ही म्हातारी कंपनी तुरुंगाच्या गाडीत बसून हसते का आहे? कुणीतरी फोटो काढला. मोठ्या आरशात मला मामाचे डोळे दिसत होते. तो आरशात बघत होता, मागची जागा भरलीय का, आणि मग समोर.

पायऱ्यांवर साहेब इस्त्रीच्या शर्टात भाषण करत होते. "तुम्ही आमचेच आहात," ते म्हणाले. शिंपीण आतून पुटपुटली, "मग बोटं कुणाची मोडली?"

तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. गाडी, उघडं दार, आत आम्ही, आणि पुढे बॉनेटवर हात ठेवलेला मिस्त्री. लोकांनी कौतुक केलं. आठवडा गेला नाही तोच मामावर चौकशी बसली. सरकारी वाहनात अनधिकृत माणसं बसवली. सरकारी वाहनाला खाजगी माणसानं हात लावला.

वाचा पुन्हा. इतकी वर्षं आम्हाला केसांना धरून त्या गाडीत कोंबलं, तेव्हा एकदाही चौकशी झाली नाही. एकदा आम्ही आपल्या पायांनी चढलो, तर चौकशी.

मी साहेबांकडे गेले. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. "गैरसमज नको," म्हणाले, "आमचं तुमच्यावर प्रेमच आहे. पण शिस्त ती शिस्त." मी चहा प्यायले नाही. बाकड्यावर मिळालेला चहा मी आनंदानं प्यायलेय, खुर्चीवरचा जाईना.

चौकशीत जे विचारणार ते आधीच कळवलंय. पहिलं, माणसांना कुणी चढवलं. त्याला शिंपीण उत्तर देणार आहे. दुसरं, फोटोत गाडीसमोर दिसणारा इसम कोण, आणि तो आपल्या सरकारी खोलीत कोणत्या नात्यानं राहतो.

मामाला सगळे सांगतात, चुलतभाऊ म्हण आणि मोकळा हो. इतकी वर्षं म्हणालास, आणखी एकदा म्हण. निवृत्ती तोंडावर आलीय, ताकीद देऊन सोडतील. नाहीतर खोटी माहिती देऊन खोलीत माणूस ठेवला म्हणून नवं प्रकरण उघडेल, आणि निवृत्ती लटकेल. सल्ला वाईट नाही.

शिंपीण त्या खोलीवर गेली होती, मी बरोबर होते. खाटा जोडलेल्या होत्या. ती पेटीवर बसली.

"त्या दिवशी सांगितलं असतंस तरी मी नाहीच म्हटलं असतं," ती मामाला म्हणाली.

"ठाऊक आहे."

"मग आता काय सांगणार आहेस त्यांना?"

मामानं मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री स्टोव्हशी झटत होता, पाठ आमच्याकडे.

"चुलत्याला एकदा मारलाय," मामा म्हणाला. "आता पुन्हा जिवंत करत नाही."

मिस्त्रीचा स्टोव्ह बराच वेळ पेटला नाही. शिंपिणीनं पिशवीतून टेप काढला आणि म्हणाली, "उठ, हात लांब कर. सोमवारी हा शर्ट घालून जाणार होतास? आणि तू पण, मिस्त्री, ते काळं तेल धुऊन ये." दोघांची मापं घेतली. एकाच ताग्यातून दोन शर्ट शिवतेय.

तर येत्या सोमवारी, सकाळी, वाहन विभागाच्या कचेरीत वरच्या मजल्यावर चौकशी आहे. आत बाहेरच्या माणसाला घेत नाहीत. पण त्या खोलीचा पंखा बंद आहे म्हणून दार उघडं असतं, आणि दारासमोर व्हरांड्यात लांबच लांब बाकडं आहे. त्या बाकड्यावर कुणालाही बसता येतं, मी जाऊन विचारून आलेय. व्हरांड्यांचा माझा अभ्यास आहे.

मामा खुर्चीवर बसेल तेव्हा त्याची पाठ दाराकडे असेल. पण तो ड्रायव्हर आहे. मागे बघितल्याशिवाय त्यानं आजवर गाडी काढलेली नाही, आणि ते एक वाक्य बोलण्याआधी तो वळून मागे बघणार. मी असेन, शिंपीण असेल, मिस्त्री असेल, धुतलेल्या हातांनी. बाकडं त्याहून लांब आहे.

घोषणा द्यायच्या नाहीत, झेंडा आणायचा नाही. सोमवारी सकाळी नुसते या, आणि आमच्या शेजारी सरकून बसा.